लाल मोटार आणि मिस्तरीचा पेचकस

गाडी दिसायच्या आधी मिस्तरीला ऐकू यायची. वसमतला आमच्या ओसरीसमोर, रस्त्यापलीकडे त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि मी ओसरीत मशीनवर झंपर शिवत बसायची. रस्ता रिकामाच असायचा, तरी तो तिकडून म्हणायचा, "वैनी, चहा टाका. हट्ट्याची येष्टी येऊन राहिली, तुमची बहीण असंल." मी आधण ठेवेपर्यंत बहीण दारात.

इंजिनाचं दुखणं शोधायची त्याची रीत तर काय सांगू. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, त्याची लाकडी मूठ दातांत धरायची, टोक इंजिनाला टेकवायचं आणि डोळे मिटायचे. देवळात उभा असावा तसा उभा राहायचा. मग मूठ तोंडातून काढून म्हणायचा, "तकलीफ इथं न्हाई, तिकडं हाय." बराबर तिथंच निघायची.

हट्ट्याच्या एका हळदवाल्या जमीनदाराच्या मुलाला आम्ही धाकले मालक म्हणायचो. त्यांना शर्यतीचं भारी वेड. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर रॅली व्हायच्या, त्यात ते जीप पळवायचे आणि ती जीप मिस्तरी सांभाळायचा. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्यांनी परदेशातून शर्यतीची मोटार मागवली आणि मिस्तरीला शब्द दिला, की रॅलीत माझ्या शेजारी तुम्हीच बसायचं. झालं, मिस्तरी आमच्यात राहिलाच नाही. हळदीला पाणी सोडून बांधावर बसलेल्या माणसासारखा बसायचा, हातातला पान्हा हातातच. "कशी बोलत असंल हो ती, वैनी?" एवढंच विचारायचा.

आणि त्याच साली एक दिवस बहीण दारात येऊन उभी राहिली, तरी मिस्तरी काही बोललाच नव्हता. मी रस्ता ओलांडून त्याला मागून हाक मारली, पुन्हा मारली. वळला नाही. पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा मला कळलंय हे त्याला कळलं. म्हणाला, "कुनाला सांगू नका. मालकाची गाडी येऊ द्या. बहिऱ्याला कोन बसवंल शेजारी?"

तेव्हापासून आमचं ठरलं. तो ओसरीकडे तोंड करून काम करायचा. कुणी मागून हाक मारली की मी मापाची टेप हलवायची, तो वळायचा आणि ओठांवरून बोलणं ओळखायचा. कुणाला कधी शंका आली नाही.

मोटारीवर पांघरायला जांभळ्या साटिनची झूल मीच शिवली. मापं मिस्तरीनं दिली, ती जीपच्या उंचीनं. त्याहून बुटकी मोटार असते हे आम्हाला कुठं ठाऊक! गाडी आली ती कमरेएवढी. मालकांच्या मळ्यात झूल चहूकडून मातीत लोळत होती आणि आत गाडी हाय का नुसतंच लुगडं, म्हणून बाया हसत होत्या. मालकांनी झूल ओढली. किती तरी वेळ कापड सरकतच राहिलं, आणि त्यातून ती लाल मोटार हळूहळू वर आली, जशी विहिरीतून घागर यावी.

मी ओवाळलं, नारळ फुटला, इंजिन सुरू झालं. मिस्तरीनं पेचकस दातांत धरला, टोक टेकवलं, डोळे मिटले. गालावरून पाणी वाहत होतं. तो सरळ झाला तेव्हा मालकांनी मागून विचारलं, "काय मिस्तरी, कशी हाय?" मिस्तरी मोटारीकडे बघून हसतच राहिला. मालकांनी पुन्हा विचारलं. तो माझ्या समोरच होता हो, पण माझ्या दोन्ही हातांत आरतीचं ताट, आणि टेप घरी. तिसऱ्यांदा मालकांनी विचारलं नाही. पुढे आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

रॅलीला नांदेडचा फिटर बसला. आठ दिवस मी समोर बघितलं नाही. शेवटी मिस्तरीच ओसरीत येऊन बसला. "काहून तोंड चुकवता, वैनी? मालक बोलले ते मला न्हाई ऐकू आलं. पन ती बोलली ते समदं ह्या दातांतून ऐकलं म्या."

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या बायकोनं तो पेचकस मला आणून दिला. आता माझेही कान गेलेत, मशीन चालतंय की नाही ते सुईकडे बघून कळतं. एखाद्या दुपारी घरात कुणी नसलं की मी पायडल मारत राहते, मूठ दातांत धरते, टोक मशीनला टेकवते. डोळे आपोआप मिटतात.