पाण्याच्या वेळेला ड्रम सोलो

डोंबिवलीतला तो हॉल एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. शे-दीडशे माणसं दाटीवाटीनं बसतील एवढाच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्या-कल्याणची कॉलेजातली रॉक बँडवाली पोरं तिथे वाजवायला यायची, कारण दुसरीकडे त्यांना कुणी दारात उभं करत नसे. त्यांचा साउंड मी बघायचो. एरवी एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी हे. त्याआधी लग्नाच्या हॉलांत आणि सत्यनारायणाला भोंगे लावून मला अगदी वीट आला होता. इथे मिक्सरमागे बसलो की वाटायचं, आपल्यालाही काहीतरी येतं बरं का.

अडचण एकच होती. हॉलची वीज आणि शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची वीज एकाच जुन्या लाइनवर. संध्याकाळी पाणी आलं की सोसायटीच्या सेक्रेटरी काकू पंपघराचं कुलूप काढायच्या, मोटर सुरू करायच्या, आणि इकडे व्होल्टेज धाडकन खाली. आमचा स्टॅबिलायझर खट्कन बंद. गिटार, बास, माइक, सगळ्यांची दातखीळ बसायची. व्होल्टेज सावरून तो परत चालू होईपर्यंत पब्लिक शिट्ट्या मारायचं, पाय आपटायचं, आणि खाली वाचनालयात शांतपणे पेपर वाचणारी मंडळी तावातावानं जिना चढून वर यायची.

असं दोनदा झालं. मग हॉलच्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. "पुन्हा असा गोंधळ झाला तर इथे फक्त भजनं आणि भावगीतं," ते म्हणाले. "आणि या वेळी मी स्वतः येऊन बसणार आहे."

त्यांचं काही चुकत होतं असं नाही. पण पेटीसमोर एक माइक ठेवायचा आणि दीड तास जांभया द्यायच्या, या कल्पनेनंच माझा जीव कासावीस झाला.

ड्रमला वीज लागत नाही, हे माझ्या डोक्यात आलं ते कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत. पाणी तर घड्याळ लावावं इतकं वेळेवर यायचं. मग नेमक्या त्या वेळेला ड्रम सोलो ठेवायचा. बाकीचे बाजूला उभे राहतील, मोटर सुरू होईल, स्टॅबिलायझर पडेल, पुन्हा उठेल, आणि मी हात वर केला की सगळ्यांनी शेवटच्या गाण्यात शिरायचं. पब्लिकला पत्ताही लागणार नाही. ड्रमवाला कल्याणचा होता, दंडाची बेटकुळी दाखवणारा. तो जाम खूश झाला. "बॉस, अपना सोलो? कितना भी लंबा चलेगा!"

रविवारी अध्यक्ष पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बसले. गाणी ठीक चालली होती. वेळ झाली, सोलो सुरू झाला, आणि मी मागच्या खिडकीतून खाली बघत राहिलो. तिथून पंपघर दिसायचं. काकूंचा पत्ता नाही. पाणी आलंच नव्हतं.

ड्रमवाला वाजवतोय, माझ्याकडे बघतोय. मी मान हलवून सांगतोय, चालू ठेव. पब्लिक आधी ओरडलं, मग टाळ्या वाजवायला लागलं, मग गप्प झालं. त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता आणि नजरेत आता माझ्याबद्दल काहीही प्रेम उरलं नव्हतं. अध्यक्षांनी एकदा घड्याळ पाहिलं. शेवटी मलाच राहवेना. आज पाणी येत नाही, असं स्वतःला सांगून मी हात वर केला.

शेवटचं गाणं सुरू झालं, रंगात आलं, आणि खाली काकू किल्ली घेऊन निघालेल्या दिसल्या.

मी खिडकीतून हाका मारल्या. त्या गोंगाटात कशा ऐकू जाणार? गाणं चालू असताना साउंडवाल्यानं मिक्सर सोडायचा नसतो. माइकमधून कर्कश शिट्टी सुटली तर ती तिथल्या तिथे बंद करायला हात लागतो. पण मी सोडला. जिना उतरलो, कुंपणाच्या फटीतून पलीकडे शिरलो. काकूंचा हात बटणापाशी होता.

"काकू, थांबा! एकच गाणं."

"अरे, आज पाणी उशिरा आलंय. ते जाईल. वरच्या मजल्यावरच्यांना मी काय सांगू?"

मी खरं ते सांगून टाकलं. आत्ता आवाज गेला तर हॉल गेला, आणि हॉल गेला तर या पोरांना जागा नाही. मलाही नाही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणि गाणं संपलं हे मला कळणार कसं? तुमचं मेलं सगळंच एकसारखं वाटतं."

"मी थांबतो ना इथे. सांगतो."

आम्ही दोघं पंपघराच्या दारात उभे राहिलो. वरून माझाच साउंड येत होता आणि मला त्यात बोटभरही फरक करता येत नव्हता. बास जरा जास्त झाला होता. जीव मुठीत धरून ऐकत होतो.

"संपलं?"

"नाही काकू, हा मधला भाग."

"संपलं?"

"जरासं राहिलंय."

मग शेवटचा ठोका पडला आणि टाळ्यांचा आवाज खिडकीतून खाली आला. मी म्हटलं, "करा सुरू." मोटर घरघरली. वर हॉलमधले दिवे मंदावले, स्टॅबिलायझर पडलाच असणार, पण टाळ्या काही थांबल्या नाहीत. काकू म्हणाल्या, "पोरं बरी वाजवतात रे." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

धावत वर गेलो तर अध्यक्ष जिन्यात भेटले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"ते ड्रमवाले जरा वाहवत गेले," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"पुढच्या वेळी त्यांना आवरा. आणि मला पहिल्या रांगेत नको, मागे कुठेतरी बसवा. कान अजून वाजताहेत."

कठड्याला धरून ते सावकाश उतरून गेले. ते पुढच्या वेळेबद्दल बोलले, हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग मी तिथेच पायरीवर बसलो. हसू काही आवरत नव्हतं.