डागमावशीची चादर

डागमावशीचा दोष काढायचाच तर एवढाच काढता येईल, की तिच्या डोळ्यांना स्वच्छ दिसायचं. त्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात तिनं बावीस वर्षं चादरी धुतल्या. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात भिजवायचा, कढत पाणी लागलं की तो पक्का बसतो, हे तिनं नव्यानं येणाऱ्या प्रत्येक बाईला शिकवलं. यंत्रातून निघालेली चादर ती दोन्ही हातांनी उजेडासमोर धरायची, मान जराशी कलती करायची आणि मगच गच्चीवर वाळत घालायला न्यायची. तेव्हा तिला सगळे नुसतं मावशी म्हणत. 'डाग' पुढं चिकटला तो गेल्या वर्षी.

गेल्या वर्षी दवाखान्याच्या मागच्या अंगाला भट्टी बांधली. वापरलेल्या पट्ट्या, कापूस, बोळे असलं सगळं तिच्यात जाळायचं. धुराडं उंच होतं, पण गच्चीहून फार उंच नव्हतं. थोड्याच दिवसांत वाळलेल्या चादरी काढताना मावशीला त्यांच्यावर काळे ठिपके दिसू लागले. मोहरीहून बारीक. बोटानं पुसायला जावं तर तेलकट रेघ ओढली जायची.

"ह्या परत धुवायच्या," असं म्हणून तिनं अख्खा ढीग पुन्हा खाली आणला. दुसऱ्या दिवशीही आणला. तिसऱ्या दिवशी मुकादम दारात उभा.

"धुतलेलं परत धुता, मावशी? पाणी काय तुमच्या माहेरचं आहे?"

"माहेरचं असतं तर कुणाला बोलू दिलं नसतं. हे ठिपके बघा."

"कुठं आहेत ठिपके?" मुकादमानं चष्मा कपाळावर चढवला आणि चादरीकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्याला स्वतःची सहीसुद्धा दिसत नसे. न बघायची ही त्याची जुनी रीत होती.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्या दिवसापासून ती डागमावशी झाली.

भट्टीवाला मात्र हसला नाही. तो भला माणूस होता, आणि खोकून खोकून त्याचा आवाज बसला होता. "भट्टी लालभडक तापल्याशिवाय आत काही टाकायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय, मावशी. तापायला तास लागतो. पण डिझेल जळतं ना. म्हणून पेटवली की टाका, असा हुकूम आहे. थंड भट्टीत काजळीच निघणार."

"मग हे मुकादमाला जाऊन सांग की!"

"हुकूम त्यांचाच आहे," भट्टीवाला म्हणाला, आणि पुन्हा खोकला.

धुलाईघर आणि भट्टी, दोन्ही मुकादमाच्या हाताखाली होती. ठिपके दिसले असते तर ते कुठून आले हेही दिसलं असतं. त्यापेक्षा बाईलाच खुळी ठरवणं सोपं.

माणसाला रोज दहा जणांनी खुळं म्हटलं की अकरावा आवाज त्याच्या आतून येतो. मावशीचं तसंच झालं. घर दवाखान्याच्या भिंतीमागच्या गल्लीत. तिथं ती ताटावरून बोट फिरवून पाहायची, पुन्हा विसळायची.

"आई, तिसऱ्यांदा धुतेयस ते ताट," लेक म्हणाली. "झिजेल ते. आणि मीही."

लेक थट्टेत बोलली, पण मावशी ताट हातात धरून तशीच उभी राहिली. ठिपके चादरीवर आहेत की आपल्याच डोळ्यांत, हे तिला खरंच कळेना. बावीस वर्षं ज्या नजरेवर पोट भरलं तिच्यावरचा विश्वास उडाला, तर मग राहिलं काय?

मुकादमानं नेमकी तीच वेळ साधली. एके सकाळी त्यानं तिच्या हातात पत्र ठेवलं. दवाखान्यातल्याच मनोविकारांच्या डॉक्टरांना लिहिलेलं. 'सदर महिलेस वारंवार धुण्याचा विकार आहे. कामास योग्य की अयोग्य, ते कळवावे.' अयोग्य आलं की उद्यापासून घरी.

राग येतो तो इथं. मनाचं दुखणं खरं असतं, ते माणसाला पोखरतं, आणि त्या विभागाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं ते खरोखर सोसत होती. त्यांच्या दुखण्याचं नाव उचलायचं आणि खरं बोलणाऱ्या बाईच्या तोंडात बोळा म्हणून कोंबायचं! यात तिचा अपमान होताच, त्या सगळ्यांचाही होता.

मावशीचा नंबर बराच मागं होता. शेजारी एक तरुण बाई बसली होती, कुठल्याशा कचेरीत टायपिंग करणारी. तिच्या हातांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांवर चिरा.

"साबणानं झालंय ना हे?" मावशीनं विचारलं. असले हात तिला ओळखीचे होते. "खोबरेल लावावं, बाई."

"लावलं की परत धुते," ती बाई खाली बघत म्हणाली. "तुम्हीही त्यासाठीच आलात?"

"तसं म्हणतात. मी चादरी परत परत धुते."

"धुतल्यावर काय होतं?"

"काय व्हायचंय? पांढऱ्या होतात."

त्या बाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "माझे हात आधीपासूनच स्वच्छ असतात, मावशी. मला ते माहीत असतं, दिसतही असतं. तरी राहवत नाही. तेच तर दुखणं आहे."

मावशीनं तिच्या त्या सोललेल्या हातावर आपला हात ठेवला. मग उठली. "माझी जागा धर हं, पोरी. आलेच."

ती तडक गच्चीवर गेली. भट्टी नुकतीच पेटली होती. धुतलेली एक ओली चादर तिनं दोरीवर पसरली, अर्धी बाजू आत दुमडून घेतली आणि कडेनं चिमटे मारले. वाळेपर्यंत पायरीवर बसून राहिली. मग तशीच घडी उचलून खाली आली.

डॉक्टरीणबाई तिच्या लेकीच्या वयाची होती. पत्र वाचून तिनं पेन उघडलं.

"चादर किती वेळा धुता?"

"दोनदा."

"नाही धुतली तर काहीतरी वाईट होईल असं वाटतं का?"

"वाटतं म्हणजे? ती जखमेवर पांघरतात, बाई!"

डॉक्टरीणबाई काहीतरी लिहायला लागली. मावशीनं चिमटे काढले आणि चादर टेबलावर, थेट त्या कागदावरच उलगडली. दुमडलेली अर्धी बाजू दुधासारखी. उघडी अर्धी काळ्या ठिपक्यांनी भरलेली.

"आता तुम्ही सांगा. मला दिसतंय ते तुम्हाला दिसतंय का? नसेल तर द्या गोळ्या, मुकाट्यानं घेईन."

डॉक्टरीणबाईनं बोट फिरवलं. रेघ ओढली गेली. तिनं बोट बघितलं, मग खिडकीतून धुराड्याकडे बघितलं, आणि मग हळूच आपल्या पांढऱ्या कोटाचा खांदा. लिहिलेला कागद तिनं फाडला आणि दुसरा घेतला. 'कोणताही विकार नाही. नजर उत्तम. चादरीवर भट्टीची काजळी असून ती मी स्वतः पाहिली आहे.'

मुकादमानं तो कागद वाचला, या खेपेला चष्मा नाकावर ठेवून. "बरं. उद्यापासून दोऱ्या आतल्या व्हरांड्यात बांधू. झालं ना मनासारखं?" असं म्हणत त्यानं कागद खणात टाकला.

"आणि भट्टी?"

"भट्टीचं तुम्हाला काय करायचंय? तुमच्या चादरी सुटल्या ना!"

मावशीच्या डोळ्यांसमोर भिंतीमागची गल्ली आली. दारोदारच्या दोऱ्या, दुपटी, खोकणारा भट्टीवाला. तिनं वाकून खण उघडला, कागद काढून घेतला आणि चादर काखेत मारून चालू लागली. दवाखान्याच्या पुढच्या दारात, जिथून शंभर माणसं आत येतात, तिथल्या कठड्यावर तिनं ती चादर पूर्ण उघडून टाकली, अर्धी पांढरी, अर्धी काळी, आणि वर चिमट्यानं डॉक्टरीणबाईचा कागद लावला. नंबराला आलेले लोक थांबले. एका म्हातारबाबांनी बोट फिरवून पाहिलं, मग त्यांच्या सुनेनं. सालं निघालेल्या हातांची ती बाईही येऊन उभी राहिली आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कागद मोठ्यानं वाचून दाखवू लागली.

मुकादम धावत आला. "मावशी! काढा ती आधी! घाण झालीय, दिसत नाही का? आत्ताच्या आत्ता धुऊन टाका!"

"छे," मावशी म्हणाली आणि कठड्याला टेकून ऐसपैस उभी राहिली. "आज मला धुवावंसंच वाटत नाही."