इन्स्पेक्टरमामांनी ओतून टाकलेली आमटी

मामा आज सकाळी गेले. खांदा द्यायला गल्लीतले दोघंच आले.

मामा म्हणजे म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर. नात्याचे नव्हेत, पण एके काळी सगळ्या गल्लीचे मामा.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका लग्नातली आमटी गटारात ओतली. तेव्हापासून त्यांच्या घरचं पाणीसुद्धा कुणी प्यालं नाही.

ते लग्न तिचं होतं. नाव लिहीत नाही.

तिच्यापायी मी पुण्याचं कॉलेज अर्ध्यात टाकून आलो, तर तिच्या दारात मांडव!
शिवाय शेजारचा म्हणून मलाच पंगतीत वाढायला बोलावलं. गेलो. का गेलो, विचारू नका.

भाड्यानं आणलेलं मोठं पितळी पातेलं. त्यात पहाटेपासून चिंचेची आमटी. पळी घातली तर कडेची कल्हई पार उडालेली, हिरवट डाग.

तसाच पळत मामांकडं गेलो.

मामा आले. कडेनं बोट फिरवलं.
"आमटी कळकली. पितळ उतरलंय, खाल्ली तर विषबाधा व्हईल. वाढायची न्हाय."

तिचे काका अंगावर धावले. "वऱ्हाड पानावर बसलंय! तुमाला हितं बोलावलं कुणी?"

मी समोरच उभा.
मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
"कुणी कशाला बोलवाय पायजे? ड्यूटी हाय माझी."
आणि पातेलं आडवं केलं.

वरपक्ष पानावरून उठला. मला वाटलं, मोडलं लग्न.
आनंद झाला. खोटं कशाला बोलू, लई झाला.

पण मामींनी घरून पिठलं-भाकरी आणली, मामांनी वरबापाचे हात धरले, आणि गोरजाला लग्न लागलं.

कुणीच आजारी पडलं नाही. म्हणून मामा खोटे ठरले!
"चांगली आमटी घालवली, खुनशी माणूस," गल्ली अजून म्हणते.

एकदा न राहवून विचारलं, "मामा, मी त्या दिवशी लोकांच्या जिवासाठी आलो होतो, का लग्न मोडायला?"
ते हसले. "आमटीचं सॅम्पल घेता येतंय बाबा. तुझ्या मनाचं कुटनं घेऊ? च्या पी की."

डाग होताच, मामांनीही बघितला. पण तिचं लग्न नसतं, तर मी इतका पळालो असतो का?
रोज विचारतो. एक दिवस उत्तर हो येतं, एक दिवस नाही.

एवढं मात्र पक्कं आहे. खबर मी दिली, आणि शिव्या मामांनी खाल्ल्या. मी तीन वर्षं गप्प.

ज्यांनी मामांचं दार टाळलं, त्यांनी उद्या माझ्या दारात यावं. भांडायला या, मारायला या.

मामा, हे तुम्ही असताना बोलायला पाहिजे होतं.
नमस्कार करतो.