वाकून बसायची गाडी

मनोहरराव गावंडे यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या फाटकाबाहेर झाली. मी तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकात नवाच उपसंपादक होतो. कारंज्याहून आमच्याकडे दर आठवड्याला ‘दारातली गाडी’ हे सदर यायचं, आणि ते लिहिणाऱ्या गृहस्थांना एकदा भेटून ये, असं संपादकांनी सांगितलं होतं. एसटीतून उतरून विचारत विचारत पोचलो तर घरासमोर एक लांबलचक परदेशी गाडी उभी होती. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं, आणि मागच्या सीटवर ओवाळणीचं ताट मांडीवर घेतलेल्या एक बाई शांतपणे बसल्या होत्या. गाडीचे मालक बाहेर हात बांधून उभे होते. मी नाव सांगायला लागलो तसं शेजारच्या सडपातळ गृहस्थांनी हाताने मला थांबवलं. बाईंचं मत अजून यायचं होतं.

ते गृहस्थ म्हणजे मनोहरराव, ज्यांना सारं कारंजा भाऊसाहेब म्हणतं, आणि त्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी. त्या दिवशी वहिनींनी काय मत दिलं ते आता आठवत नाही. चहा मिळायला बराच उशीर झाला हे मात्र पक्कं आठवतं.

ही रीत कशी पडली हे मला पुढे कळलं. भाऊसाहेब कारंज्यातल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचे व्यवस्थापक होते. जिनिंगच्या शेठजींनी पहिली परदेशी गाडी घेतली तेव्हा ती आणायला भाऊसाहेबांना नागपूरला सोबत नेलं. परत आल्यावर भाऊसाहेबांच्या घरावरूनच रस्ता होता, म्हणून वहिनींनी गाडीला ओवाळलं. शेठजींनी आग्रह केला तशा त्या क्षणभर आत बसल्या आणि म्हणाल्या, “यात बसल्यावर आपलं घर उंच दिसते.” भाऊसाहेबांनी त्या एका वाक्यावर अख्खा लेख लिहिला आणि आमच्या दैनिकाकडे पाठवून दिला. सदर सुरू झालं ते तिथून.

मग जिल्ह्यात कोणीही भारी गाडी घेतली की ती आधी देवाला जायची, कोणाची शिरपूरच्या जैन मंदिरात, कोणाची आपापल्या कुलदैवताला, आणि तिथून थेट भाऊसाहेबांच्या दारात. वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतून आल्या की ओवाळायच्या, बसायच्या, एक चक्कर मारायच्या आणि एखादं वाक्य बोलायच्या. इंजिन, आवाज, चामडं, लाकूडकाम यांचं सगळं विवेचन भाऊसाहेबांचं असायचं; शेवटची ओळ मात्र वहिनींची, आणि ती त्यांच्याच बोलीत. तिच्यातली वेलांटीसुद्धा सुधारायची नाही, अशी भाऊसाहेबांची मला सक्त ताकीद होती. एकदा मी ‘कायले’चं ‘कशाला’ केलं, तर त्यांचा फोन आला आणि मी नोकरीला लागल्यापासून इतक्या सभ्य शब्दांत कोणी मला झापलं नव्हतं.

भाऊसाहेबांचा स्वतःचा एक सिद्धांत होता आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं न कंटाळता मांडला. चांगल्या गाडीत माणूस वाकून शिरतो, असं ते लिहायचे. गाडी बुटकी असावी, लांब असावी, आत शिरताना मान आपोआप खाली जावी, म्हणजे पैशाबरोबर येणारा ताठा दाराबाहेर राहतो. जुन्या शेठ लोकांना हे फार आवडायचं. त्यांच्या ताठ्यात त्याने काही फरक पडल्याचं मला दिसलं नाही, पण कात्रणं मात्र ते जपून ठेवायचे.

या सदराच्या निमित्ताने मोठमोठ्या कंपन्यांचा स्वभाव कसा पालटत गेला, हे आम्हाला कारंज्यात बसून पाहायला मिळालं. सुरुवातीला गाडीची सारी किंमत मागच्या सीटमध्ये होती. मालक मागे पेपर वाचत बसायचे, ड्रायव्हर पुढे. कंपनीची माणसं छाती ठोकून सांगायची की आमच्या नावाची जीप तुम्हाला कधी दिसणार नाही. मग मालकांची मुलं मोठी झाली आणि त्यांनी स्टिअरिंग आपल्या हातात घेतलं. त्यांना रस्ता वरून बघायचा होता, गाडी शेतापर्यंत न्यायची होती, आणि गावाच्या तोंडाशी असलेल्या ब्रेकरवर पोट घासल्याचा आवाज त्यांना सोसवत नव्हता. बघता बघता त्याच कंपन्यांनी तेच चिन्ह लावून उंचच उंच गाड्या आणल्या, आणि आपल्याला पहिल्यापासून हेच करायचं होतं असा चेहरा केला.

भाऊसाहेबांना हे मुळीच रुचलं नाही. एसयूव्हीला त्यांनी ‘सुटातली जीप’ म्हटलं, आणि ते नाव अकोल्यापर्यंत लोकांच्या तोंडी बसलं. नागपूरच्या एका शोरूमचे अधिकारी मुद्दाम त्यांना भेटायला आले. भाऊसाहेबांनी त्यांना विचारलं की इतक्या वर्षांची कमावलेली ओळख तुम्ही अशी का टाकून देता. अधिकारी नम्रपणे म्हणाले की ओळख आम्ही टाकत नाही, गिऱ्हाईकच तिच्यासाठी थांबत नाही. बुटकी गाडी आता सांगून मागवावी लागते, असंही त्यांनी सांगितलं. समृद्धी महामार्ग झाल्यावर कारंज्यावरून भरधाव जाणाऱ्या उंच गाड्या बघून भाऊसाहेब म्हणायचे की रस्ता इतका गुळगुळीत झाला आणि गाड्या मात्र डोंगर चढायच्या. वहिनींची जीभही काही कमी तिखट नव्हती. एका मालकाने छताची काच सरकवून दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात डोक्यावर काच कायले?” ती ओळ वाचून त्या मालकाने गाडीच्या आनंदात दिलेले पेढे परत मागितले नाहीत, हा त्याचा मोठेपणा.

पण हे दोघे माणसाला कधी दुखवत नसत. कामरगावच्या एका तरुणाने जुनी, दुसऱ्याची वापरलेली भारी एसयूव्ही घेतली. गावात त्याची बरीच टिंगल झाली होती, म्हणून तो दारापर्यंत आला आणि फाटकाबाहेरच घुटमळला. भाऊसाहेब स्वतः बाहेर गेले. गाडी जुनी असेल, पण आमच्या दारात पहिल्यांदाच आली आहे, असं म्हणून त्यांनी वहिनींना ताट आणायला सांगितलं. लेखही नव्या गाडीवर लिहितात तितकाच लांब लिहिला आणि गाडीचे दोषही तितकेच सांगितले. तो तरुण आजही दिवाळीला फराळ घेऊन येतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी वहिनी अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. त्या वॉकर धरून घरात हिंडू लागल्या, पण सदर बंद पडलं. आमच्याकडे वाचकांचे फोन येत होते, म्हणून मी कारंज्याला गेलो. भाऊसाहेब म्हणाले की वहिनी गाडीत बसल्याशिवाय ते लिहिणार नाहीत. आणि वहिनींची अट अशी होती की बसेन तर आपली आपण बसेन. दवाखान्यातून येताना तिघांनी मिळून त्यांना गाडीत ठेवलं होतं, ते त्यांना फार लागलं होतं. “मले उचलून ठेवाचं नाई,” त्या मला म्हणाल्या. “मी सामान नाई.” त्यांच्या शाळेतली मुलंसुद्धा त्यांच्यासमोर बाकाला पाठ टेकायला धजत नसत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या वाक्यातलं दुःख समजेल.

बातमी पसरली आणि जिल्ह्यातले गाडीवाले आपणहून गाड्या घेऊन येऊ लागले. शेठजींच्या मुलाने घरातली ती बुटकी, लांब गाडी पाठवली, जिच्यासारखी गाडी भाऊसाहेबांनी जन्मभर वाखाणली. वहिनी तीत बसल्या, पण उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. ताट भाऊसाहेबांच्या हाती देऊन त्या वॉकर धरून आत गेल्या. मग नागपूरच्या त्या शोरूमची सगळ्यात उंच एसयूव्ही आली. शोरूमच्या माणसाने बटण दाबलं तशी गाडी आपोआप खाली झाली, तरी पायरी उंचच राहिली. कोणीतरी घरातून स्टूल आणलं. वहिनींनी त्या स्टुलाकडे पाहिलं आणि वॉकर वळवला. भाऊसाहेब गाडीचं दार धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा म्हातारं पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

कारंज्यात नीलिमाताई नावाच्या बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी एका नामांकित कंपनीची लहान एसयूव्ही घेतली होती, मोटारीपेक्षा उंच आणि जीपपेक्षा बुटकी. ‘ना धड मोटार, ना धड जीप’ असं लिहून भाऊसाहेबांनी तिची पार वासलात लावली होती, आणि ताईंनी तो लेख हसत हसत दवाखान्यात लावला होता. त्या वहिनींना भेटायला आल्या. निघताना वहिनी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आल्या. ताईंच्या गाडीचं पुढचं दार उघडं होतं. वहिनी थांबल्या, पाठ फिरवली, मागे टेकल्या, तर सीट बरोबर कमरेशी लागली. त्या बसल्या. एक पाय आत घेतला, मग दुसरा. कोणीही त्यांना हात लावला नव्हता. नीलिमाताईंनी चक्कर मारून आणली आणि वहिनी जशा बसल्या होत्या तशाच आपल्या आपण उतरल्या.

“लिहा आता,” त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी काय लिहू, असं विचारलं.

“वाकून बसाची गाडी चांगली, हे तुमी लय लिहिलं. वाकाले कंबर लागते, हेबी लिहा.”

खरं सांगायचं तर ते लिहितील याची मला खात्री नव्हती. वयाच्या त्या टप्प्यावर माणसं बायकोचं ऐकतात, पण छापत नाहीत. लेख आला तो मी कार्यालयात उभ्यानेच वाचला. भाऊसाहेबांनी आपला जुना सिद्धांत स्वतःच जसाच्या तसा उद्धृत केला होता आणि त्याखाली वहिनींचं वाक्य दिलं होतं. पुढे लिहिलं होतं की कंपन्या जाहिरातीत डोंगर दाखवतात, पण लोक गाडी घेतात ती गुडघ्यांसाठी. जुनं गिऱ्हाईक म्हातारं होत होतं हे कंपनीला दिसलं आणि मला घरात असून दिसलं नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली होती. स्टूल लागणाऱ्या गाडीला मात्र त्यांनी माफ केलं नाही. एका जुन्या व्यापाऱ्यांनी फोन करून, तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलं, अशी तक्रार केली. भाऊसाहेबांनी त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या घरचे लोक तुमच्या गाडीतून कसे उतरतात. व्यापाऱ्यांनी फोन ठेवला, आणि पुढच्या दसऱ्याला नवी गाडी घेऊन दारात हजर झाले.

लिहिलेलं खोडणं सोपं असतं. लिहिलेलं तसंच ठेवून त्याखाली दुसरं लिहिणं फार थोड्यांना जमतं. भाऊसाहेबांचा गौरव करायचा तो मला तरी यासाठी करावासा वाटतो.

भाऊसाहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या बैठकीनंतर मीच त्यांना घरी सोडायला निघालो. माझी गाडी साधी आहे, फार उंच नाही आणि फार बुटकीही नाही. भाऊसाहेबांनी दार उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, हळूच पाठ फिरवली आणि मागे टेकले. एक पाय आत घेतला, मग दुसरा. मी मुद्दाम रस्त्याच्या पलीकडे बघत राहिलो. बसल्यावर ते म्हणाले, “तुमच्या वहिनीले सांगू नका.” घर आलं तेव्हा वहिनी ताटाशिवायच फाटकात उभ्या होत्या. ते कसे उतरतात ते त्यांनी नीट पाहिलं आणि फाटक उघडून धरलं.

भाऊसाहेब पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. कंपन्या पुढे काय करतील ते त्यांचं त्या पाहून घेतील. गाड्या आणखी उंच होतील, कदाचित पुन्हा बुटक्याही होतील. भाऊसाहेबांना आणि वहिनींना भरपूर आयुष्य लाभो, आणि दारात कुठलीही गाडी आली तरी त्या दोघांना तीत आपलं आपण बसता येवो, आपलं आपण उतरता येवो.