पांढरा गळा, पिवळा गळा आणि फोरमन

बहारीनमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्याचे एक इंजिनियर राहतात. त्यांची सहावीतली पोरगी मला दादा म्हणते, आणि मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्लिशमध्ये देते. रविवारी (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी) तिला वर्गात प्रोजेक्ट सांगायचं होतं: दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले दोन मुंगीपक्षी, त्यांच्यातला फरक. मागच्या वेळी ती वर्गासमोर गप्पच झाली होती आणि सगळे हसले होते. म्हणून यंदा पक्ष्यांचे आवाज तिला माझ्याकडून रेकॉर्ड करून हवे होते. गणपतीत मंडळात नकला करतो, त्याची ही शिक्षा.

दोन्ही पक्षी बोटाएवढे, अंगावर काळे पट्टे. एकाचा गळा पांढरा, दुसऱ्याचा पिवळा. पण बसणार झाडाच्या शेंड्याला, म्हणजे खालून दोघं सारखेच. नाव मुंगीपक्षी, खातात किडे आणि कोळी. माझ्या व्हिसावर सुतार लिहिलंय आणि मी तुबलीतल्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करतो, तेव्हा त्यांच्या नावाला मी काय नावं ठेवणार.

खरा फरक आवाजात. तिला तो कळेना.

"पांढरा म्हणजे सेल्फ मारल्यावर गाडी," मी म्हटलं. "आधी हळू, मग भरभर, शेवटी दम सुटतो. पिवळा म्हणजे रिव्हर्स घेणारा ट्रक. एका चालीत, घाई नाही."

"दॅट्स नॉट सायन्स, दादा."

"गॅरेजात हेच सायन्स."

रूमवर पाच जण आणि टीव्ही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत गॅरेजातल्याच एका गाडीत बसून रेकॉर्ड केलं. उकडलं म्हणून एक काच खाली घेतली. पाठवण्याआधी वीसेक वेळा ऐकलं, पण फक्त स्वतःला.

रविवारी संध्याकाळी तिने मला लिफ्टपाशी गाठलं. पांढरा गळा वर्गात मस्त वाजला म्हणे. पिवळा सुरू झाला आणि जंगलातून आमचा फोरमन बोलला, "यल्ला भाई, पाना किधर है?" सगळा वर्ग हसत सुटला.

माझं तोंड उतरलं. "मग तू काय केलंस?"

"आय स्टॉप्ड द फोन."

"आणि?"

तिने लिफ्टसमोरच पिवळा करून दाखवला. एका चालीत, न अडखळता. मग पांढरा. शेवटचा दम तिने माझ्यापेक्षा बरा सोडला, हे मी तिला सांगितलं नाही.

"देन दे वॉन्टेड द फोरमन," ती म्हणाली. "सो आय डिड हिम टू."

तोही केला. पाना मागण्याआधी तो नाक ओढतो, ते मंडळात त्याची नक्कल करताना मी दोन वर्षं विसरतोय. तिने ओढलं.

यंदा गणपतीत माझं काही खरं नाही.