चादरीखालचा हात

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण वडवणीत अजून कुणाचा त्यावर विश्वास नाही. यकृताला कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी जुन्या काविळीचं कारण सांगितलं. बाजारात मात्र ‘चोरून पीत असंल’ असंच ठरलं. माझा चुलतभाऊ रोज पितो आणि ठणठणीत आहे. या अन्यायावरून माझं अंबाजोगाईच्या योगेश्वरीआईशी बिनसलं. बायकोने तिला साडीचा नवस बोलला होता, तो मी रागाने रद्द केला. “आधी न्याय, मग साडी,” असं देवघरासमोर ठणकावून सांगितलं.

शहरातल्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतून नळी घालून गाठीपर्यंत किरणोत्सारी कण सोडले. काही दिवस लेकराबाळांना जवळ घेऊ नका, म्हणाले. नातवंडांना मी लांब ठेवलं. चुलतभाऊ भेटायला आला, त्याला मात्र अगदी खेटून बसवलं. काही महिन्यांनी गाठ आकसली, यकृताची निरोगी डावी बाजू वाढली, आणि आता गाठ असलेली उजवी बाजू काढता येईल असं सर्जन म्हणाले.

मी बैलांचा व्यापारी. पहिल्या बोलीला होकार देणं माझ्या रक्तात नाही.

“साहेब, उजवी सगळी नको. अर्ध्यात मिटवा.”

“मामा, गाठीसोबत थोडा चांगला भागही काढावा लागतो,” ते शांतपणे म्हणाले.

“चांगला भाग फुकट कशाला द्यायचा?”

बायकोने कपाळाला हात लावला. “आवं, लिव्हर हाय ते, बैल न्हाई!”

ऑपरेशनच्या दिवशी मला चाकाच्या खाटेवर थिएटरबाहेर ठेवलं. शेजारी, खाटेला खाट चिकटून, एक म्हातारी होती. अर्ध्याचा शब्द मला अजून मिळाला नव्हता. खरं तर ते निमित्तच; आत गेलो की परत येत नाही, ही भीती होती. मी सिस्टरवर ओरडलो, “साहेबाला बोलवा, न्हाईतर मी हा उठलो!” आणि एक पाय खाली टाकलासुद्धा.

तेवढ्यात चादरीखाली कुणीतरी माझी बोटं धरली. बैलबाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नाही, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतो. इथे चार बोटं धरलेली. सवयीने भाव पाडायला मी दोन सोडवून घेतली. त्या हाताने पाचही पकडली. मी हिसका दिला, तशी म्हातारी खेकसली, “गप पड की बाबा! किती वळवळ करतूस?”

एवढा पक्का हात मला बाजारात कधी भेटला नव्हता. कमी करायला जागाच नव्हती. मी पाय वर घेतला. मनात म्हणालो, योगेश्वरीआई, तू म्हणशील तो भाव. माल न बघता दिलेला तो माझा पहिला शब्द.

शुद्धीवर आलो तेव्हा गाठ पूर्ण निघाली होती. चालता यायला लागल्यावर बायकोला घेऊन बायकांच्या वॉर्डात गेलो. म्हातारीचे पित्ताचे खडे काढले होते. ती चहात बिस्किट बुडवत बसली होती.

“मावशी, तुमी हात धरला म्हणून मी आत गेलो.”

“म्या? आरं, म्या तर भ्यानं थरथरत व्हते. तूच धरलास की माझा हात! म्हनलं, देवानं लेक धाडला.”

हात आधी कुणी पुढे केला, हे मला आजही माहीत नाही. इतकी वर्षं देवाने काय द्यावं आणि काय घेऊ नये, यावरच मी त्याच्याशी ओढाताण केली. आपला हात नुसता त्याच्या हातात राहू द्यावा, हे कधी सुचलं नाही. मी वाकून पाया पडलो. म्हातारीने पुड्यातलं एक बिस्किट दिलं. मी घासाघीस न करता तेवढंच घेतलं.