चनबसप्पाची काळी अक्षरं

आमच्या चौकातला पाण्याचा बोर्ड मी भांडून आणला. पाणी कधी येणार हे बायकांना आधी कळावं, एवढीच मागणी होती. त्यासाठी रिकाम्या घागरी घेऊन भर रस्त्यात बसावं लागलं. कुणी उपकार केले नाहीत. त्यावरची अक्षरं मात्र चनबसप्पाची, आणि हे लिहितेय ते त्याच्याबद्दल.

माणूस मूळचा मैंदर्गीचा. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचा. म्हणजे चौकोनांच्या कागदावर एकेक घर भरून नक्षी करायची, नाहीतर टॉवेलवर विणायचं नाव. कारखान्याला कुलूप लागलं तसा अमरेशच्या एलईडी बोर्डाच्या दुकानात बसायला लागला. काम तेच, धाग्याच्या जागी दिवा. अमरेश म्हणायचा, "काका, तुमच्या अक्षराला पिक्सेल फॉन्ट म्हणतात. जुन्या व्हिडिओ गेमवानी. आता परत फॅशन आलीय." ज्यूस सेंटर, जिम, लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीची नावं, सगळीकडं त्याची पायऱ्यापायऱ्यांची अक्षरं गेली.

त्यात एक खोड होती. प्रत्येक उभ्या रेघेत मधलं एक घर तो मोकळं सोडायचा.

"अप्पा, दात पडल्यासारखं दिसतंय," मी म्हटलं.

"धागा लांब सुटला तर जोडव्यात अडकतोय अक्का. मधी एकदा दाबून धरावं लागतंय."

"बोर्डाला कुठलं आलं जोडवं?"

"ते माझ्या हाताला सांगा की."

दुसरी खोड त्याहून मोठी. चादरीच्या ग्राफात तो जमीन, म्हणजे नक्षीभोवतीची जागा, भरायचा आणि नक्षी कोरी ठेवायचा. आमच्या बोर्डालाही तेच केलं. अख्खा बोर्ड लालभडक पेटलेला, आणि अक्षरं विझलेल्या दिव्यांची, काळी. मी चिडले होते. पण लांबून स्वच्छ वाचता यायचं, म्हणून राहू दिलं. वरच्या ओळीत 'आज पाणी नाही'. खालची ओळ मोकळी, नुसती लाल.

त्याचा मुलगा शरणबसव कंपनीत लागतो म्हणून पुण्याला गेला. दोन दिवाळ्या झाल्या, फोन बंद. पोलिसात मिसिंगची नोंद मी स्वतः उभी राहून करून घेतली. चनबसप्पाची बायको महानंदा अजून पोरासाठी स्थळं बघते.

यंदाच्या उन्हाळ्यात खालच्या ओळीतले दिवे मरायला लागले. उन्हानं दिवे जातात, त्यात नवल नाही. पण एका संध्याकाळी चनबसप्पा चौकात मान वर करून उभा दिसला.

"अक्का, वाचा."

विझलेल्या दिव्यांचा 'श' झाला होता. त्यानंतर 'र', 'ण', करत करत महिन्याभरात पूर्ण नाव उमटलं. शरणबसव. आणि प्रत्येक उभ्या रेघेत मधला एक दिवा जिवंत.

मला आधी अमरेशचाच संशय आला. त्याला बोलावून मागची पेटी उघडायला लावली. त्यानं तपासलं आणि घाम पुसला. "ताई, हे लिहिलेलं नाही. दिवे मेलेत. नवीन पॅनेल टाकू का?"

"हात लावून तर बघ," महानंदा म्हणाली. "पोरगं सांगायलंय, मी हाय म्हणून."

नाव पुरं झालं, पण दिवे मरायचे थांबले नाहीत. नावाच्या आधीच्या मोकळ्या जागेत शिरोरेघ आली. मग एक उभी रेघ. मग शिरोरेघेच्या वर एकच ठिपका.

जिवंत पोराच्या नावाआधी चि. लागतं आणि गेलेल्याच्या आधी कै., हे कुणाला शिकवायचं? तो ठिपका 'चि'ची वेलांटी होणार की 'कै'ची मात्रा, एवढाच प्रश्न होता. बायका आता बोर्डाकडं पाठ करून नळाला उभ्या राहायला लागल्या.

मी अमरेशला दम दिला, उद्याच्या उद्या पॅनेल बदल.

"कळू दे की अक्का," महानंदा म्हणाली. "काय असंल ते एकदा कळू दे."

चनबसप्पानं अमरेशकडनं डाग द्यायची, सोल्डरिंगची गन मागून आणली, माझ्या घरची शिडी लावली आणि दिवेलागणीला वर चढला. एकेका दिव्याला गन टेकवायचा. बारीक धूर निघायचा, दिवा जायचा. वेलांटी झाली. च झाला. टिंब झालं. खाली उतरला तेव्हा बोटं भाजली होती.

महानंदा वर बघत म्हणाली, "हे तुमी लिवलंय. त्यानं न्हाय."

"माझं पोरगं हाय. त्याचं नाव मीच लिवणार."

दुसऱ्या संध्याकाळी बोर्ड लागला. नाव तसंच. शिरोरेघ, उभी रेघ, वरचा ठिपका, तेही तसंच काळं. चनबसप्पानं विझवलेले दिवे तेवढे पेटले होते, सगळे. अमरेश म्हणाला, "काका, चिप जळालेली मी डोळ्यानं बघितलीय. हे पेटणारच नाहीत."

चनबसप्पानं शिडी उचलली.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. पॅनेल बदलायचं मी आता काढत नाही. तो चढतो, मी खाली शिडी धरते, त्याचं 'चि.' लिहून होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते पेटलेलं असतं. काल वेलांटी ओढता ओढता तो थांबला.

"अक्का, त्या ठिपक्याच्या वर, तिरका, अजून एक गेलाय. मी तितं गन लावली न्हवती."

बोर्ड लागला तेव्हाच मी तो बघितला होता. वेलांटी गोल वळते, तिरकी वर चढते ती मात्रा.

"तुमचाच आहे अप्पा," मी म्हटलं. "कालचा राहिलाय. लिहा तुम्ही."